फेस बसल्यावरचं दूध

वहिनी, काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि माझी बोबडीच वळली. माझी! नळावर भांडण लागलं तर चार गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असा माझा आवाज, आणि माइकसमोर मी ‘आमची वहिनी लई चांगली होती’ एवढं म्हणून खाली बसले. माझ्याआधी बोललेल्यांनी तुझं माहेर, शिक्षण, मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल म्हणून झालेली नोकरी, निवृत्ती, सगळं ओळीनं सांगितलं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं, पण त्यात तू कुठे दिसेनास. तागडीचं नाव कुणी काढलं नाही. दुधाचं तर नाहीच नाही. म्हणून आज पाहुणे गेल्यावर, भांडी आवरून, ओट्याशी बसून तुझ्याशी बोलतेय. मध्येच तोडून ‘वच्छला, मुद्द्यावर ये’ म्हणायला तू नाहीस, तेव्हा मी सावकाश बोलणार आहे.

खीर मात्र मी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. दूध पिशव्यांचं होतं. सून म्हणाली, “आई, अर्धा लिटर छापलंय की पिशवीवर. त्यात मोजायचं काय?” तिचं चुकत नव्हतं. तरी मी माळ्यावरून तुझी तागडी उतरवली. ती जोडीची दोन जर्मनची भगुनी दोन पारड्यांत ठेवली. एकाची कडी तुटलेली, म्हणून ते हलकं. त्या बाजूला तुझी गारगोटी टाकली. काटा मध्ये आला तेव्हा कुठे पहिली पिशवी फोडली. तांदूळ किती, साखर किती, सगळं दुधाच्या वजनावर. ‘आधी रिकामं तोल’ हे तुझं वाक्य मी इतकं ऐकलंय की माझे हात ते मला न विचारता करतात. सून बघत राहिली. मी तिला म्हटलं, “हिला पासंग म्हणतात, या गारगोटीला. आणि तुझ्या मामींच्या पासंगाला पुरेल असं माणूस मी तरी बघितलं नाही.” तोंडावर कधी म्हटलं नसतं तुला. डोक्यावर चढून बसली असतीस.

आपलं भांडण लागलं ते काकवीवरून, आठवतं? तू मुदखेडकडची, नवी नवरी, आमच्या जळकोटकडच्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. गल्लीत लग्न निघालं आणि काकवीच्या दशम्या आपल्याकडे आल्या. आईचं माप म्हणजे वाटी. “वाटीभर काकवी, त्यात मावंल तेवढं पीठ.” सासूला तू मामीच म्हणायचीस. विचारलंस, “वाटीभर म्हंजी किती, मामी?” आई म्हणाली, “वाटीभर म्हंजी वाटीभर. काय इचारून राहिलीस?” पण काकवी मिळायची किलोवर. मग तू काय केलंस, वाटीत पाणी भरलंस, पाणी तोललंस, वाट्यांचा गुणाकार केलास आणि दादाला तेवढे किलो काकवी आणायला धाडलंस. ऐन दशम्या करताना काकवी संपली! वाटीभर काकवी वाटीभर पाण्यापेक्षा दीडपटीच्या जवळ जड असते हे आपल्यात कुणाला ठाऊक? मी फिदीफिदी हसले. “घ्या, शिकलेली सून!” असं सगळ्या बायकांत म्हणाले. तू रडशील असं मला वाटलं होतं. तू भगुन्याच्या तळाला लागलेली काकवी बोटानं निपटून वाटीत घेतलीस आणि तिचं वजन करायला बसलीस. म्हणालीस, “चूक तोलायची न्हाई झाली. पानी तोललं नि काकवी घेतली, ही चूक झाली.”

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक पातळ जिनसाला तू त्याचं त्याचं वजन दिलंस. तेल वेगळं, दूध वेगळं, ताक वेगळं. ताकाचं मला आजही पटलेलं नाही. ताकात ज्याच्या त्याच्या मर्जीनं पाणी पडतं, त्याचं वजन काय करायचं? तू म्हणायचीस, “मर्जी किती पडली ते तरी कळतंय.” हा वाद आपण मिटवला नाही. राहू दे तो तसाच.

मग लातूर जिल्हा झाला. दादाला नव्या कलेक्टर कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आपलं बिऱ्हाड लातूरला आलं. गावभर पाट्या रंगवणं चाललेलं, कुठे ‘उस्मानाबाद’ पुसलेलं, कुठे ‘लातूर’ अजून ओलं. नवी कचेरी, नवे साहेब, नवी वसतिगृहं. त्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात तू गृहपाल झालीस आणि मी स्वयंपाकीण. तुझ्या मनात काय होतं देव जाणे. देवाला तर तू मानत नव्हतीस, तेव्हा तूच जाणे. घरात मी नणंद, मी रुसले तर तू मला जेवायला बोलवायचीस. वसतिगृहात तू साहेब, मी सकाळी उठून तुला ‘हाव मॅडम’ म्हणायचं. दादा म्हणायचा, या दोघींच्या मधे बसण्यापेक्षा कलेक्टरच्या दारात उभं राहिलेलं बरं.

तिथे आहाराचा तक्ता लावलेला होता. मुलीमागे रोज किती धान्य, किती डाळ, किती तेल, किती दूध. सगळं ग्रॅममध्ये. आणि माझ्याकडे काय? पळी, वगराळं आणि डोळा. तू पहिल्याच आठवड्यात तागडी घेऊन स्वयंपाकघरात आलीस, तेव्हा मी लाटणं आपटलं होतं. पण तू मला सोडून मुलींनाच गोळा केलंस. तीन सारख्या वाट्या काठोकाठ भरल्यास, एकीत पाणी, एकीत करडीचं तेल, एकीत काकवी. “कोणती जड?” पोरी एकमुखानं म्हणाल्या, काकवी, नंतर तेल, पाणी सगळ्यात हलकं. का, तर तेल घट्ट असतं. मलाही तसंच वाटत होतं, पण मी तोंड मिटून होते. मागून किनवटकडची रुक्मा, सगळ्यात लहान, सगळ्यात काळजीचं पोर, हळूच म्हणाली, “मॅडम, वरनात तेल वर येतंय की. मंग ते हलकंच असंल.” तू तागडी उचललीस आणि तेलाचं पारडं पाण्याच्या पारड्यापेक्षा वर गेलं. त्या पोरीचा चेहरा काय फुलला! घर सोडून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी. तेव्हा मला कळलं की ही बाई वजनं करत नाही, काहीतरी वेगळंच करते आहे. काय ते कळायला मला अख्खा दुष्काळ जावा लागला.

जिल्हा होऊन थोडी वर्षं झाली होती आणि पावसानं पाठ फिरवली. बोअर आटले. वसतिगृहात टँकर आला की पोरी पुस्तकं टाकून घागरी घेऊन पळायच्या. जनावरं छावणीला गेली आणि दुधाचे वांधे झाले. आपल्याला दूध घालायचे पाशाभाई. त्यांच्या म्हशी अजून दावणीला होत्या म्हणून आपलं चाललं होतं. पण व्हायला लागलं काय, वाटपात शेवटच्या ओळीला दूध पुरेना. लिटरं तेवढीच, मुली तेवढ्याच, आणि शेवटच्या पाच-सहा पोरींच्या पेल्यात तळाला पांढरं दिसायचं तेवढंच. त्या ओळीत रुक्मा असायची. ती पेला उलटा करून जिभेवर थेंब घ्यायची.

ही गोष्ट संस्थेच्या सचिवांच्या कानावर गेली. ते आले, दाराशी उभे राहिले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुला म्हणाले, “मॅडम, स्वयंपाकीण तुमच्या घरातलीच आहे ना? दूध घरी तर जात नाही?” शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर मीही ओरडले असते. हे आठवड्याच्या आत निस्तरा, नाहीतर दुसरी गृहपाल बघावी लागेल, असंही जाता जाता म्हणाले. माझं नाव आणि तुझी नोकरी एका वाक्यात टांगली गेली. तू फक्त म्हणालीस, “बघते, सर.” माझ्या अंगाची लाही झाली.

दुसऱ्या सकाळी पाशाभाई आले. नेहमीसारखं त्यांनी हात डोक्याएवढा उंच नेऊन डबड्यातून दुधाची धार मापात सोडली आणि ते फेसाळ माप तसंच उंचावरून आपल्या भगुन्यात रिकामं केलं. भगुनं फेसानं भरून आलं. आणि मला एकदम दिसलं. इतकी वर्षं दिसत होतं ते त्या दिवशी दिसलं. आपल्या माणसांच्या भांड्यात लोक उंचावरून ओततात ते कशासाठी, हे कुणी आपल्याला शिकवायला लागत नाही. मी कंबर खोचली. “पाशाभाई, भांड्याला भांडं लागलं तर तुमचं दूध बाटतंय का? आमच्यातच उंचावरून ओतून राहिलात ना? फेस मोजून द्यायला आमच्या पोरी काय दुसऱ्या मातीच्या हायत?” पाशाभाईंनी माप खाली ठेवलं. “अरे, काय बोलून राहिल्या तुम्ही?” एवढंच म्हणाले. मग डबडी सायकलला अडकवली आणि निघून गेले, आणि दुसऱ्या सकाळी आलेच नाहीत. पोरी कोऱ्या चहावर बसल्या. दुसरा गवळी अख्ख्या गावात मिळत नव्हता.

त्या दुपारी मी वाट बघत होते की तू मला फाडून खाशील. तू निवडायला डाळ घेतलीस आणि माझ्यासमोर बसलीस. मीच म्हटलं, “तुला राग कसा येत न्हाई गं कशाचाच?” तेव्हा तू ते सांगितलंस. आधी कधी सांगितलं नव्हतंस, नंतरही कधी काढलं नाहीस.

बहात्तरचा दुष्काळ. तुझी आई तलावाच्या कामावर माती उचलायची आणि कामावरच्या लेकरांना पावडरीचं दूध मिळायचं. आपल्या वस्तीतली लेकरं एका बाजूला. वाटणारी बाई वगराळं उंच धरून ओतायची, आपल्या भांड्याला लागू नये म्हणून. तुझा तांब्या फेसानं काठोकाठ भरायचा. तू तो दोन्ही हातांत धरून घरी न्यायचीस, तुझ्या लहान भावासाठी; तो तापानं पडलेला, कामावर येऊ शकत नव्हता. घरी पोचेपर्यंत तांब्यात दोन बोटं दूध उरायचं. आणि तुझी आई विचारायची, “वाटंत पिलीस का गं?”

“मी पीत नव्हते, वच्छला,” तू म्हणालीस. “एक घोट बी न्हाई. मग मी तांब्यात बघत बघत चालायची, कुणी पितंय का त्ये बघायला. फेस बसताना बघितला मी. पर आईला सांगता येईना. भरलेला तांब्या घेतला होता हे मलाच खरं वाटत होतं. त्या फेसानं मला चोर केलं बघ.”

मी डाळीवरचा हात काढला. म्हटलं, “फेसानं न्हाई. त्या बाईनं.” तू मान हलवलीस. आणि मग ते म्हणालीस, ज्याच्यावरून आपण पुढे जन्मभर भांडलो. “का वतली त्ये तिचं तिला ठाऊक. किती पडलं त्ये माझं हाय. तिच्या मनात शिरून मी काय आणू? तांब्यात काय पडलं त्ये मला दाखवता आलं असतं, तर आईनं तसं इचारलं नसतं.”

आणि उठलीस. पदर खोचलास, तागडी घेतलीस, दोन भगुनी घेतलीस, गारगोटी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “चल.” भर उन्हात आपण दोघी पाशाभाईंच्या गोठ्यावर गेलो. गृहपाल मॅडम डोक्यावर तागडी घेऊन रस्त्यानं चालल्यात, लोक दारातून बघतायत, आणि मी मागे. मला लाज वाटायला हवी होती. मला तेव्हा काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, बघा, ही माझी वहिनी आहे.

पाशाभाईंनी आपल्याला बघितलं, पण हातातलं काम सोडलं नाही. त्यांचा नातू पेला घेऊन उभा होता आणि ते त्याच्या पेल्यात दूध घालत होते. उंचावरून. हात डोक्याएवढा. पोरगं फेसाची मिशी लावून हसत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. माझी चूक झाली होती, वहिनी, कबूल. पण मला तिचा पस्तावा नाही. आपल्या माणसाकडून अशी चूक होते, ती हौसेनं होत नाही.

“मापात चोरी न्हाई करत मी,” पाशाभाई म्हणाले. “बाप बी असाच वतायचा. धार उंच सोडली की गिऱ्हाईक खूश. वरून थोडं घालायचो, त्ये औंदा जमंना.”

“चोरीचं कोण बोललं?” तू म्हणालीस. “मी तोलायला आले.”

“दूध? दूध काय गूळ हाय का वैनी, तागडीत घालायला?”

तू रिकामी भगुनी समोरासमोर ठेवलीस. गारगोटी टाकलीस. त्यांना म्हणालीस, नेहमीसारखं ओता, एक लिटर. त्यांनी धार सोडली, माप फेसानं भरलं, आणि तू ते भगुन्यात रिकामं केलंस. समोरच्या भगुन्यात किलोचं वजन. दुधाचं पारडं हललंसुद्धा नाही. मग तू माप खाली धरायला लावलंस, काठाला काठ लावून सावकाश भरायला लावलंस, थोडं थांबलीस, फेस बसला तसं वर घालायला लावलंस. आता दुधाचं पारडं खाली आलं, किलोच्याही खाली. “लिटरभर दूध म्हंजी किलो आणि वर तीस ग्राम,” तू म्हणालीस. “दूध पान्यापरीस जड असतं.” पाशाभाईंनी ते दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोनं करून बघितलं. मग ते हसले, आणि तो ताण गेला. “आणि मी पानी घातलं तर?” “लिटरभर भरून तोललं की त्ये बी कळंल,” तू म्हणालीस, आणि तूही हसलीस. त्या दुष्काळात तू हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दूध वजनावर आलं. सचिवांना तू निरोप धाडलास, सकाळी या आणि बघा. ते आले. तू त्यांच्यासमोर दूध तोलून घेतलंस आणि त्यांच्यासमोर तोलूनच पोरींना वाटलंस. शेवटच्या ओळीतल्या रुक्मापर्यंत भगुनं पुरलं आणि तळाला थोडं उरलं. ते म्हणाले, “ठीक आहे.” आणि गेले. माझ्याबद्दल जे विचारलं होतं ते त्यांनी परत घेतलं नाही. मी तुला म्हटलं, बोलव त्यांना मागं, माझ्यासमोर बोलायला लाव. तू म्हणालीस, “वजन झालं की. आता कशाला?” त्या वेळी मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. तुला जेवायला बोलवायला यावं लागलं.

आणि पाशाभाईंचं तर तू कमालच केलीस. माप झालं की वरून थोडं घालायची त्यांची जुनी सवय परत आली. वजनावर ते कधी कधी जास्त भरायचं. तू जास्तीचं त्यांच्या डबड्यात परत ओतायचीस. “वैनी, राहू द्या की, लेकरं पितील.” “न्हाई. कमी आलं तर मी मागते, जास्त आलं तर मी देते.” म्हशी आटत चालल्या, बाकीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी हळूहळू बंद केलं, पण आपल्या वसतिगृहाचं दूध त्या अख्ख्या दुष्काळात तुटलं नाही. रुक्माच्या गालावर जरा मांस आलं. ही तुझी कमाई. काल भाषणात कुणी सांगितली नाही म्हणून मी सांगतेय.

पण आपला वाद राहिलाच. मी म्हणायचे, नुसतं किती पडलं ते बघून भागत नाही, का ओतलं ते विचारायलाच पाहिजे. कुणीतरी बोंबलल्याशिवाय वरचा हात खाली येत नाही. तू म्हणायचीस, “तू बोंबल, मी तोलते. दोन्ही लागतंय.” आणि हसून विषय बदलायचीस. मला वाटायचं, ही मला लहान पोरीसारखं गप्प करते आहे. मला वाटायचं, त्या बाईबद्दलचा राग हिच्या पोटात असणारच, ही कबूल करत नाही. किती वेळा खोदून विचारलं. नाही म्हणजे नाही.

दवाखान्यातसुद्धा विचारायचं होतं. तुझ्या उशाशी बसले होते, सलाईन चाललं होतं, आणि तू डोळे उघडून बाटलीकडे बघत होतीस. मला वाटलं आता काहीतरी शेवटचं बोलेल. तू म्हणालीस, “वच्छला, मिलिलिटर लिवलंय. वजन किती असंल गं?” मी म्हटलं, “झोप की मुकाट्यानं.” तू म्हणालीस, “मिठाचं पानी हाय. पान्यापरीस जरा जडच.” आणि समाधानानं डोळे मिटलेस. नर्सबाई मला विचारत होती, काय म्हणतायत आजी? काय सांगणार होते मी तिला? मी पदर तोंडात धरून हसत होते आणि रडत होते. विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आता कालचं ऐक, आणि मग मी थांबते.

खीर झाली. माणसं अंगणात ओळीनं बसली. वाढायला गल्लीतली पोरं होती. भराभरा उरकायचं म्हणून उभ्यानंच वाढत होती, वरूनच वगराळं पालथं करत होती. त्यांच्या मनात काही नव्हतं, पोरं आहेत. पण मला बघवेना. मी एकाच्या हातातलं वगराळं काढून घेतलं. गुडघे गेलेत माझे, तरी खाली वाकले. आणि पहिल्या वाटीच्या काठाला वगराळ्याचं तोंड टेकवून खीर सोडली. ठक्.

तो आवाज ऐकला आणि मी तशीच वाकलेली राहिले. वसतिगृहाचा सगळा काळ तो आवाज माझ्या कानात होता. दूध तू स्वतः वाटायचीस. तोलून झालेलं दूध, पेल्यामागे पेला, आणि प्रत्येक पेल्याच्या काठाला तू वगराळं टेकवायचीस. ठक्. ठक्. ठक्. मी चिडवायचे, “मॅडम, पेल्यांना पोचे पाडू नका.” मला वाटायचं, फेस होऊ नये म्हणून करतेस. पण फेस टाळायला वगराळं नुसतं खाली आणलं तरी पुरलं असतं, वहिनी. बोटभर वर धरलं असतं तरी चाललं असतं. टेकवायची काय गरज होती? टेकवल्यानं दूध एका गुंजेनंही वाढत नव्हतं. किती पडतं एवढंच तुझं होतं, तर मग ज्या बाईचं वगराळं तुझ्या तांब्याला एकदाही लागलं नाही, तिला तू रोज सकाळी, प्रत्येक पोरीच्या पेल्यावर, वाजवून उत्तर देत होतीस ते काय होतं?

समोर पहिल्या वाटीमागे रुक्मा बसली होती. केस पांढरे झालेत तिचे, नातवंडं आहेत. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “आत्या, मॅडम बी असंच वाढायच्या.”

“हाव,” मी म्हटलं.

हरलीस, वहिनी. इतक्या वर्षांचा वाद आणि तू हरलीस, आणि ते सांगायला तू समोर नाहीस. मला तुझा इतका अभिमान वाटला की पुढच्या वाटीला वगराळं जरा जोरातच टेकलं.